सर स्वतः कुठवर खेळले होते?

शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले गाव. मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिरामुळे ते दूरवर ओळखले जाते. मराठवाड्यातल्या इतर अनेक गावांप्रमाणे या भागातही पहाटे रस्त्याच्या कडेने मुले-मुली धावताना दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असे मैदानी चाचणीचे ५० गुण. काही जण कबड्डी, खो-खो किंवा क्रिकेटच्या मागे असतात. त्यांच्यासोबत शिट्टी घेऊन कोणीतरी उभे असते. कधी शाळेतले क्रीडाशिक्षक, कधी निवृत्त जवान, तर कधी दोन-चार गुणांनी भरती हुकलेला गावातलाच एखादा तरुण.

मुलाला त्यांच्या हाती सोपवताना पालक एक प्रश्न हमखास विचारतात, ‘सर स्वतः कुठवर खेळले होते?’ उत्तर ‘तालुक्यापर्यंत’ असे आले की चेहरा पडतो. जो स्वतः जिल्ह्याबाहेर गेला नाही तो आपल्या मुलाला राज्यापर्यंत काय नेणार, असा हिशेब मनात होतो.

प्रश्न अगदीच अनाठायी नाही. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण अनुभवातूनच आली आहे. तालमीत वस्तादाचा शब्द मानला जातो, कारण त्याने स्वतः अंगाला माती लावलेली असते. पण अंगाला माती लावणे वेगळे आणि हिंदकेसरी होणे वेगळे. उत्तम प्रशिक्षक होण्यासाठी यातले नेमके किती हवे? हा प्रश्न फक्त क्रीडारसिकांच्या वादाचा नाही, तो आरोग्याचाही आहे. वाढत्या वयातल्या मुलाची हाडे, स्नायू, हृदय आणि मन दिवसातले दोन-तीन तास या माणसाच्या हाती असतात.

प्रथम श्रेणीचा एकच सामना

या प्रश्नावरचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२चा. तरुणपणी ते मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये खेळले, स्टेट बँकेत नोकरी केली. प्रथम श्रेणीचा सामना मात्र त्यांच्या नावावर एकच आहे. १९६३-६४च्या हंगामात मोईन-उद-दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध खेळले, तेवढेच. कसोटी तर दूरच, रणजी करंडकातही ते खेळले नाहीत.

आणि शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावे पाहा. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर. हे सगळे पुढे भारताकडून खेळले. आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचा तो एकमेव सामना कोणाच्या आठवणीतही नव्हता.

आचरेकरांकडे काय होते हे समजून घ्यायला एक प्रसिद्ध प्रसंग पुरेसा आहे. अकरा वर्षांचा सचिन पहिल्यांदा त्यांच्यासमोर चाचणीसाठी उभा राहिला तेव्हा दडपणामुळे त्याला नीट खेळता येईना. मोठा भाऊ अजित याने सरांना विनंती केली, की तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि लांबून पाहा. सर नजरेआड झाले आणि झाडामागून पाहू लागले. कोणी पाहत नाही असे वाटल्यावर मुलगा मोकळेपणाने खेळला आणि त्याची निवड झाली.

यात आचरेकरांनी एकही फटका शिकवला नाही. त्यांनी तीन गोष्टी केल्या. मुलाच्या भावाचे म्हणणे ऐकून घेतले, आपल्या हजेरीचा मुलावर काय परिणाम होतो हे ओळखले आणि मग शांतपणे निरीक्षण केले. या तिन्हींपैकी कशासाठीही कसोटी क्रिकेट खेळलेले असावे लागत नाही.

त्यांचे रुपयाचे नाणेही असेच. सराव संपत आला, सचिन दमला, की सर यष्टीवर एक रुपया ठेवत. जो बाद करील त्याला तो मिळे आणि कोणीच बाद करू शकला नाही तर सचिनला. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. दमलेल्या अवस्थेत एकाग्रता कशी टिकवायची यावर व्याख्यान देण्याऐवजी त्यांनी ती टिकवावीच लागेल अशी परिस्थिती तयार केली.

हाताला कळते, तोंडाला सांगता येत नाही

मोठा खेळाडू आपोआप मोठा शिक्षक का होत नाही, याचे एक कारण मेंदूच्या रचनेत आहे.

आपल्या स्मृतीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक, जी शब्दांत सांगता येते: काल काय जेवलो, भारताने विश्वचषक कधी जिंकला. दुसरी अंगात भिनलेल्या कौशल्याची: सायकल चालवणे, भाकरी थापणे, पोहणे. या दोन स्मृती मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर अवलंबून असतात. याचा ठोस पुरावा एका रुग्णामुळे मिळाला. अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर १९५३ मध्ये अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढावा लागला. त्यानंतर त्याला नवीन घटना लक्षात राहीनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ महिलेने त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. अवघड काम. पण दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. गंमत अशी, की प्रत्येक दिवशी तो सांगे, हे मी पूर्वी कधीच केलेले नाही. हात शिकला होता, माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

निरोगी माणसातही याचे सौम्य रूप दिसते. नवीन सायकल शिकणारा मनात सूचना घोळवत असतो, ‘हँडल सरळ, पायडल मार, खाली बघू नको.’ सवय झाली की हे शब्द गळून पडतात. काम मेंदूच्या खोलवरच्या भागांकडे आणि लहान मेंदूकडे सोपवले जाते. शब्द गळाले म्हणूनच हालचाल सहज आणि वेगवान होते. पण शब्दच गळाले, तर दुसऱ्याला सांगणार काय?

२००१ मध्ये सायन बायलॉक आणि थॉमस कार या संशोधकांनी गोल्फपटूंवर प्रयोग केले. जवळून चेंडू छिद्रात ढकलण्याचा फटका मारल्यावर ‘आत्ता नेमके काय केलेस ते सांग’ असे विचारले. निष्णात खेळाडूंना स्वतःच्या त्या फटक्याचे तपशील नवशिक्यांपेक्षा कमी आठवले. मात्र त्यांच्या हाती विचित्र वजनाची, विचित्र आकाराची काठी दिली तेव्हा त्यांना पुन्हा लक्ष देऊन खेळावे लागले आणि तपशीलही आठवू लागले. पारंगत माणूस विसरभोळा असतो असे नव्हे. त्याच्या हालचालीला आता लक्ष लागत नाही आणि लक्ष नाही तिथे आठवण नाही.

याहून मजेशीर बाब क्रिकेटमधली आहे. फलंदाजाला पहिल्या दिवसापासून एकच मंत्र दिला जातो, ‘चेंडूवरची नजर काढू नकोस.’ मोठमोठे फलंदाजही मनापासून हेच सांगतात. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्या. फलंदाज चेंडू सुटताना पाहतात, मग नजर एकदम पुढे उडी घेऊन चेंडू जिथे टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. मधला काही प्रवास नजरेने पाहिलेलाच नसतो. फलंदाज जितका चांगला, तितकी ही उडी लवकर. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना अव्वल फलंदाजांत अशा दोन उड्या दिसल्या, एक टप्प्याकडे आणि दुसरी चेंडू बॅटला लागणार त्या ठिकाणाकडे. याचे कारण साधे आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत पोहोचतो. पाहून, ठरवून बॅट वळवायला मेंदूला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. शेवटपर्यंत नुसते पाहत बसले तर उशीर होणार. म्हणून नजर अंदाज बांधते.

म्हणजे चांगला फलंदाज जे करतो आणि जे करतो असे त्याला वाटते, यात अंतर असते. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांचे काम त्याच्याच नजरेआड चाललेले असते. बाहेरून बारकाईने पाहणाऱ्याला ते अधिक स्पष्ट दिसू शकते.

यात आणखी एक अडचण मिसळते. आपल्याला जे येते ते समोरच्याला येत नाही म्हणजे काय, याची कल्पना करणे माणसाला फार जड जाते. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि इतरांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मे तरी ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे चालू होते, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक. मोठा खेळाडू चिडून ‘अरे, इतकं सोपं तर आहे!’ म्हणतो, तेव्हा हेच घडत असते. ज्याला ती गोष्ट स्वतःला सहज जमली नव्हती, जो चार वेळा अडखळला होता, त्याला अडखळण्याच्या जागा ठाऊक असतात.

दुसरी बाजूही खरी आहे

पण मग मोठे खेळाडू प्रशिक्षक म्हणून कुचकामी, असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे ठरेल. पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकली आणि पुढे सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू घडवल्या. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमधल्या १९९६ ते २००४ या काळातल्या सुमारे १५ हजार सामन्यांचा अभ्यास अमांडा गुडॉल आणि सहकाऱ्यांनी केला. ज्यांची स्वतःची खेळाडू म्हणून कारकीर्द उत्तम होती, अशा प्रशिक्षकांचे संघ अधिक जिंकत होते, असे त्यांना आढळले. अव्वल दर्जाच्या प्रौढ खेळाडूंच्या संघात जुन्या खेळाडूच्या शब्दाला आपसूक वजन येते आणि शेवटच्या दोन मिनिटांतले दडपण त्याने स्वतः सोसलेले असते.

क्रिकेटमध्ये मात्र उलटसुलट दाखले मिळतात. ग्रेग चॅपेल ८७ कसोटी आणि २४ शतकांचे मानकरी. त्यांच्या मार्गदर्शनाखालचा भारतीय संघ २००७च्या विश्वचषकातून पहिल्याच फेरीत बाहेर पडला. तोच विश्वचषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक होते जॉन ब्यूकॅनन. प्रथम श्रेणीचे अवघे सात सामने ही त्यांची खेळाडू म्हणून शिदोरी. अर्थात ब्यूकॅनन यांच्या हाती पाँटिंग, गिलख्रिस्ट, मॅकग्रा होते. त्यामुळे एका जोडीवरून नियम काढता येत नाही.

ऑस्ट्रेलियातच तिथल्या देशी फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची बहुतेक वेळा त्या लीगच्या माजी खेळाडूलाच मिळते. मग विजेते प्रशिक्षकही माजी खेळाडूच निघणार. ज्यांना संधीच दिली नाही त्यांची तुलना करणार कशी? एखाद्या औषधाची परीक्षा घेताना दुसऱ्या गटाला औषधच न तपासता ‘हेच उत्तम’ म्हणण्यासारखे ते आहे.

मधल्या पायरीवरचे उदाहरण चंद्रकांत पंडित यांचे. आचरेकरांचे हे शिष्य पाच कसोटी सामने खेळले. चांगले यष्टिरक्षक, पण मोठ्या नावांच्या यादीत नाहीत. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांच्या संघांनी रणजी करंडक सहा वेळा जिंकला. मुंबईने तीनदा, मध्य प्रदेशाने एकदा आणि त्याआधी कधीही न जिंकलेल्या विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा.

शाळकरी वयाच्या मुलांसाठी तर याहून लांबचे, पण जवळचे वाटणारे उदाहरण आहे. केनियातल्या इटेन या डोंगराळ गावी १९७६ मध्ये कॉल्म ओकॉनेल हे आयर्लंडचे धर्मबंधू सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला आले. ॲथलेटिक्सची पार्श्वभूमी त्यांना नव्हती. ते मुलांना धावताना पाहत राहिले, त्यांना विचारत राहिले, शिकत राहिले. त्यांचाच शिष्य डेव्हिड रुडिशा २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावला आणि विश्वविक्रम झाला. इटेनची उंचीवरची हवा आणि तिथली धावण्याची परंपरा यांचा वाटा मोठा होता, हे खरेच. पण गुणवान मुले समोर असताना त्यांचे नुकसान होऊ न देता त्यांना पुढे नेणे हेही कौशल्यच.

जे मोडले ते सांगायला येत नाहीत

‘आमच्या वेळी आम्ही दिवसभर गोलंदाजी टाकायचो, काही झालं नाही.’ हे वाक्य माजी खेळाडूंच्या तोंडी नेहमी ऐकू येते. वैद्यकीय दृष्टीने ते सर्वांत धोक्याचे आहे.

समजा, हळदीच्या वावरात शंभर कंद लावले. पाणी कमी पडले आणि दहाच उगवले. त्या दहांना विचारले तर ते म्हणतील, ‘पाणी कमी असलेलंच बरं, बघा आम्ही कसे तरारलो.’ नव्वद कंद बोलायला उरलेले नसतात. कठोर सरावातून जो मोठा खेळाडू तयार झाला, त्याच्यासोबत तोच सराव करणारी किती मुले कंबर किंवा गुडघा धरून घरी बसली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सचिन सुट्टीत जवळजवळ रोज सामने खेळे म्हणून दुसऱ्या मुलालाही रोज खेळवावे, असे ठरत नाही. आचरेकरांकडून घ्यायचे ते त्यांचे वेळापत्रक नव्हे, त्यांची नजर.

वाढत्या मुलाचे हाड मोठ्या माणसाच्या हाडासारखे नसते. लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो. तिथेच वाढ होते आणि तिथेच ते सर्वांत नाजूक असते. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांत गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येतो, तो स्नायूंच्या सततच्या ओढीमुळे. लहान वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडू शकते. म्हणूनच इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या नियमावलीत १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला सलग ५ षटके आणि दिवसाला १० षटके अशी मर्यादा घातली गेली.

भरतीच्या तयारीत वेगळा धोका दिसतो. जाहिरात निघाली की वर्षभर न धावलेला मुलगा एकदम रोज पाच-सहा किलोमीटर डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी धावू लागतो. स्नायू आणि दम काही आठवड्यांत वाढतात, हाड मात्र सावकाश मजबूत होते. मग नडगी दुखू लागते. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी टोचल्यासारखे दुखत असेल, रात्री किंवा बसल्या जागीही दुखत असेल, तर ती हाडाची चीर असू शकते. अशा वेळी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन पळणे म्हणजे चिरेचे फ्रॅक्चर करून घेणे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. अशी मुलगी दुसऱ्या फेरीत धापा टाकते, तेव्हा प्रशिक्षक तिला आळशी म्हणू शकतो किंवा तिला हिमोग्लोबिन तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवू शकतो. तपासणी आणि लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. या एका निर्णयाने तिच्या वेळेत जो फरक पडेल, तो कोणत्याही धावण्याच्या तंत्राने पडणार नाही.

शिक्षा म्हणून शेकडो ऊठबशा काढायला लावण्याची जुनी पद्धत अजूनही दिसते. सवय नसताना एकदम अति व्यायाम झाला तर स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला घटक मूत्रपिंडात अडकतो आणि लघवी काळ्या चहासारखी होते. मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत हे जाऊ शकते. अशा लघवीनंतर थांबायचे नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. धावता धावता मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. आधी सावलीत नेऊन थंड पाण्याने अंग भिजवत राहावे, वारा घालावा, रुग्णवाहिका बोलवावी. थंड करणे थांबवून गाडीची वाट पाहत बसू नये.

ही कोणतीही गोष्ट ओळखायला राष्ट्रीय पदक लागत नाही. लागते ते शिक्षण आणि लक्ष.

मग प्रशिक्षकात पाहायचे काय?

शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते शिकता येते, याचा चांगला पुरावा अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉलमधून मिळतो. तिथे प्रशिक्षक म्हणजे बहुतेक वेळा कोणाचे तरी वडील. वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांच्या गटाने काही प्रशिक्षकांना छोटे प्रशिक्षण दिले. चांगले केले की लगेच सांगा, चुकले की आधी धीर द्या आणि मग दुरुस्ती सांगा, अपमान करू नका, एवढाच त्याचा गाभा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या हाताखालची २६ टक्के मुले पुढच्या वर्षी खेळायला परतली नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडे हे प्रमाण ५ टक्के होते. हे वडील काही मोठे खेळाडू झाले नव्हते. त्यांची बोलण्याची पद्धत तेवढी बदलली होती.

भारतातही पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडवले जातात. तिथे प्रवेशासाठी खेळाचा अनुभव मागतात आणि ते योग्यच आहे. मैदानावर कधीच न उतरलेल्याला दमणे, हरणे, घाबरणे कळणार नाही. पण अनुभव हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर घराची उंची अनुभवावर ठरत नाही.

पालकांनी मुलाला सोपवण्याआधी पुढच्या गोष्टी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहाव्यात. अर्धा तास पुरतो.

सर बोलतात किती आणि पाहतात किती? प्रत्येक चेंडूला, प्रत्येक पावलाला सूचना मिळाली तर मूल त्या क्षणी बरे करते, पण स्वतःची चूक स्वतः ओळखायला शिकत नाही.

सगळ्यांना एकच मोजमाप आहे का? एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. उंच मुलाला पुढे आणि ठेंगण्याला कायम राखीव ठेवणारा प्रशिक्षक वय पाहतो, मूल पाहत नाही.

‘दुखतंय’ म्हटल्यावर काय होते? ‘नाटक करू नको’ हे उत्तर ऐकू आले तर मुलाला घरी आणलेले बरे.

आठवड्यात सुट्टी आहे का? स्नायू आणि हाडे सरावात झिजतात आणि विश्रांतीत बांधली जातात. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी.

ताकदीची पावडर, इंजेक्शन किंवा गोळी सुचवली जाते का? सुचवली तर तिथे थांबू नये, मग शिफारस करणारा कितीही मोठा खेळाडू असो.

आणि शेवटचे म्हणजे, सरांना ‘हे मला माहीत नाही, विचारून सांगतो’ असे म्हणता येते का? ज्याला हे म्हणता येते, तो स्वतः अजून शिकतो आहे.

शिरड शहापूरसारख्या गावात ऑलिम्पिकपटू प्रशिक्षक म्हणून येण्याची शक्यता कमीच. त्याची वाट पाहत बसण्याचे कारणही नाही. तिथल्या क्रीडाशिक्षकाने एखादा छोटा अभ्यासक्रम केला, प्रथमोपचार शिकला, प्रत्येक मुलाचे वजन, वेळ आणि दुखणे एका वहीत लिहायला लागला, तर मुलांना जे हवे त्यातले बरेचसे गावातच मिळेल. पुढे मुलगा खरोखरच राज्य पातळीवर पोहोचला, तर मोठ्या स्पर्धेचे दडपण समजावणारा माजी खेळाडू त्याला तेव्हा भेटावा. तोपर्यंत त्याचे गुडघे आणि खेळाची आवड शाबूत राहिली पाहिजे आणि ते काम पहिल्या सरांचेच आहे.

पहाटेच्या अंधारात एखादी मुलगी धावता धावता रस्त्याच्या कडेला बसते, नडगी चोळते आणि पुन्हा उठू लागते. शिट्टी गळ्यात असलेला माणूस तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसतो, बोटाने नेमके कुठे दुखते ते दाबून पाहतो आणि म्हणतो, ‘आज बास. डॉक्टरांना दाखवून ये, मग पळू.’ तो स्वतः कुठवर खेळला होता, हे त्या क्षणी विचारण्याची गरज उरत नाही.